आत्तीच्या ओव्या आणि हक्कसोडीचा कागद

आमच्या निपाणी-चिक्कोडी भागात बापाच्या बहिणीला आत्ती म्हणतात. माझी आत्ती दुसरीपर्यंत शिकली, पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला, आणि मग वीस-बावीस वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत चाळण मारली. पण गावात तिची ओळख यातल्या कशाचीच नव्हती. 'गाणी जोडणारी' म्हणून तिला बोलावणं यायचं. बारसं असो, डोहाळे असोत, कुणाची लेक नांदायला निघालेली असो, आत्ती पाहिजेच. हळदीला विधवा म्हणून तिला मांडवात बसू द्यायचे नाहीत, पण गाणं तर हवं असायचं. मग ती उंबऱ्याबाहेर पोतं टाकून बसायची आणि तिथून म्हणायची. आत हळद लागायची बाहेरच्या गाण्यावर.

'जोडणारी' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. नुसती म्हणणारी नव्हे. चाल जात्याची, पण शब्द तिचे आणि गळाही तिचाच. आमची भाची बेंगळुरूला असते, ती मला फोनवर नव्या मुलींची गाणी पाठवते. मुलगी स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, हातात गिटार घेऊन स्वतः गाते. कधी आईशी झालेलं भांडण, कधी रात्री रस्त्यावरून एकटीनं येतानाची भीती. यांना 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात असं भाचीनं सांगितलं. मी म्हटलं, अगं, मग आपल्या घरात एक होतीच की. गिटार नव्हती, जातं होतं.

जातं आता लग्नात हळद दळण्यापुरतंच बाहेर येतं, म्हणून ज्यांनी खरं दळण पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहाटे चार-साडेचारला दोघी समोरासमोर बसायच्या. खुंटा दोघींच्या हातात, आणि एकीचा दुसरा हात ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात सोडायला. एकीनं पहिली ओळ सोडायची. दुसरीनं ती घोळवून परत म्हणायची. ती घोळवत असते तेवढ्यात पहिली पुढची ओळ जुळवत असते. सगळी गोम त्या उसंतीत आहे. म्हणून पाठ केलेलं संपलं तरी गाणं थांबत नसे. सुरुवात देवाधर्मानं व्हायची, मग तुळस, पंढरी, आईबाप, भाऊ. दोन-तीन पायल्या होईपर्यंत उजाडत यायचं आणि तेव्हा बायका आपल्या खऱ्या गोष्टीवर यायच्या. सासूनं कोंडून ठेवलेलं लोणी, परगावी शिकायला गेलेला लेक, दुसरी करून आणलेली बायको. पुरुष अंथरुणात असायचे. ऐकू जायचं त्यांना, पण ओवीला कुणी जाब विचारत नसे. बोलण्यात तेच शब्द आले असते तर पाठीत रट्टा बसला असता. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणतो. पण जात्यावर बसलं की ओवी म्हणायची मुभा असते, हेही त्यातच आलं.

आमचा मुलूख दोन भाषांचा. शेजारच्या कानडी घरातली थोरली सून आणि आजी एकाच जात्यावर दळायच्या. तिची पदं तीन ओळींची, त्रिपदी म्हणतात ती. आजीची ओवी मराठी. एकीचं 'तवरमनी', दुसरीचं 'माहेर'. विजापूरकडच्या हलसंगीच्या मंडळींनी 'गरतिय हाडु' नावानं अशी कानडी बायकांची गाणी गोळा केली, ती वाचून दाखवली तर आजीला निम्मी ओळखीची वाटली असती. १९५६ नंतर गावागावांत पाट्यांवरून भांडणं झाली, आमच्या घरातलेही लोक मोर्च्यांना गेले. जात्यावर मात्र दोघींचं ठीक चालायचं. दोघींची रड एकच होती.

बेळगावात राहून ओव्यांबद्दल लिहायचं आणि इंदिरा संतांचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. इंदिराबाईंचा जन्म १९१४चा, गाव तवंदी, म्हणजे निपाणीच्या घाटातलंच. आयुष्य बेळगावात शिकवण्यात गेलं. त्यांच्या कविता आपल्या पिढीनं शाळेत वाचल्या. पण त्यांनी 'मालनगाथा' नावानं बायकांच्या ओव्या जमवून त्यांच्यावर किती जीव लावून लिहिलंय, ते फार कमी घरांत माहीत असतं. ओवीतली बाई म्हणजे 'मालन'. इतकी मोठी कवयित्री या निरक्षर मालनींकडे लोकसाहित्याचे नमुने म्हणून बघत नाही, आपल्यासारख्याच कविता करणाऱ्या बायका म्हणून बघते. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या होत्या. आणि पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी तर १९८०च्या दशकापासून गावोगाव माणसं पाठवून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त बायका. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर केलेल्या ओव्या त्यात आहेत, नवऱ्याच्या दारूवरच्या आहेत, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्यांवरच्या आहेत. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. 'पारंपरिक' एवढं लिहून सोडून दिलेलं नसतं.

आता आत्तीचं सांगते. तिनं मला घातलेली एक अट आधी सांगायला हवी. वहीतले शब्द घरात राहतील, बाहेर सांगायचं तर गोष्ट सांगायची. म्हणून इथं ओळी देणार नाही, अर्थ सांगेन.

नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात चार वर्षांचा मुलगा. सासरी दोन वर्षं काढून ती निपाणीत खोली घेऊन राहिली आणि वखारीत लागली. तोवर विजेची गिरण आली होती, घरातलं जातं भिंतीला टेकलं होतं. बाकीच्या बायकांची ओवी तिथं थांबली. आत्तीची वखारीत गेली. तंबाखू चाळताना धुरळा असा उठतो की समोरची बाई दिसत नाही. डोळे चुरचुरतात, खोकला सुटतो, भाकरीलाही तोच वास. तोंडाला पदर बांधून म्हणायचं, त्यामुळे गाणं नाकातून यायचं, असं ती हसून सांगायची. चाळणीचा ताल जात्यासारखाच, गोल. म्हणून चाल बदलावी लागली नाही.

विषय मात्र बदलले. तिची एक ओवी मुकादमाच्या घड्याळावर होती. ते सकाळी पळतं आणि संध्याकाळी लंगडतं. मुकादमाचं नाव त्यात कुठंच नव्हतं, पण चाळणाऱ्या सगळ्या जणी एकदम हसल्या की त्याला कळायचं. एक ओवी आडोशाला जायला जागा नाही यावर. एक तान्ह्या मुलीवर, जिला तिची आई तंबाखूच्या ढिगामागं निजवायची. ही ओवी म्हणताना आत्तीचा आवाज बदलायचा. ती मुलगी पुढं जगली की नाही, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिनं विषय दुसरीकडं नेला.

१९८०च्या सुमाराला निपाणीतल्या वखारीतल्या बायका संघटित झाल्या. हजारोंनी रस्त्यावर आल्या. बेंगळुरूच्या 'युगांतर' या बायकांच्या गटानं १९८२मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' ही फिल्म केली, तिच्यात त्या बायका आपलं आपण बोलतात. आत्ती तिच्यात नाही. पण मोर्च्यात ती होती आणि तिथं एक अडचण आली. ओवीची चाल बसून दळायची. चालता चालता ती म्हणता येईना, पाय आणि ताल जुळेनात. मग तिनं हादग्याच्या फेराची चाल घेतली. लहानपणी हत्तीभोवती फिरताना म्हणायचो ती. मुकादमाचं घड्याळ त्या चालीवर बसवलं आणि निपाणीच्या रस्त्यानं बायका हादगा खेळल्यासारख्या म्हणत गेल्या. ते ती सांगायची तेव्हा टाळ्या वाजवून सांगायची.

त्याच काळात दुसरं आंदोलन झालं, शेतकऱ्यांचं. १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बसले होते. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. माझे बाबा त्या रस्त्यावर होते. आमची दोन एकर तंबाखू होती. म्हणजे भाऊ भावासाठी रस्त्यावर आणि बहीण मजुरीसाठी वखारीच्या दारात. आत्तीची यावर ओवी होती. तिचा अर्थ असा, की भाऊराया भाव मागतो, बहीण रोज मागते, दोघांची नावं एकाच व्यापाऱ्याच्या वहीत आहेत. पण भावाचं पान वेगळं आणि बहिणीचं वेगळं, म्हणून त्यांना एकमेकांचा आकडा दिसत नाही. मी पुढं एम. ए.ला अर्थशास्त्र घेतलं. इतक्या कमी शब्दांत ही गोष्ट कुणी सांगितलेली मला सापडली नाही.

२०१८ साली आत्तीला ऐंशी पूर्ण झाली. आत्तेभावानं ठरवलं की सहस्रचंद्रदर्शनाला तिच्या ओव्यांची पुस्तिका काढायची, घरच्यांना वाटायची. उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. चार महिने दर रविवारी मी बेळगावहून निपाणीला जायची. फोनवर ध्वनिमुद्रण करायची, रात्री वहीत उतरवायची. चौऱ्याण्णव ओव्या झाल्या. कितीतरी ठिकाणी ती मला थांबवायची. "ही पयली ओळ माझी, दुसरी न्हवं. दुसरी वखारीतल्या अमकीची. तिचं नाव घाल." अकरा ओव्यांखाली अशी दोन-दोन नावं आली. त्यातल्या काही बाया वारून तीस वर्षं झाली असतील.

कच्ची प्रत घरच्यांच्या हातात गेली आणि एका ओवीपाशी सगळं अडलं.

माझे आजोबा १९६८ साली वारले. हिंदू वारसा कायदा १९५६चा. म्हणजे बापाच्या मिळकतीत लेकींचाही वाटा तेव्हाच लागू झाला होता. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायचं, भावानं साडीचोळी करायची, नाही दिलं तर माहेर तुटलं. बाबांनी दोघी बहिणींना चिक्कोडीला नेलं, सह्या झाल्या, येताना निपाणीत चहा-भजी झाली. दोघींना एकेक साडी. आत्तीच्या अंगावर तेव्हा तीन वर्षांचं वैधव्य होतं आणि पदरात पोर होतं.

त्या ओवीचा अर्थ असा. बापानं लेकीला दुसरीपर्यंत शाळेत घातलं. तिथं ती आपलं नाव लिहायला शिकली. त्या नावाचा उपयोग तिला आयुष्यात एकदाच झाला, बापाच्या वावरातून स्वतःला खोडायला. आणि साडीचा रंग काय होता, तेवढं शेवटी.

ओव्यांमध्ये भावाइतकं कौतुक कुणाचंच नसतं. भाऊ येतो, घोड्यावरून येतो, बहिणीचं दार उजळतं. पंचमीला न्यायला येतो. ज्यांनी ओव्या ऐकल्यात त्यांना माहीत आहे. त्यात अशी ओवी म्हणजे देवघरात चप्पल ठेवल्यासारखी.

माझ्या दादानं ती वाचली आणि मला फोन केला. "बाबा जाऊन चौदा वर्षं झाली. आता हे कशाला?" तो काही कडू माणूस नाही. आत्तीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानंच करवलं होतं. त्याचं म्हणणं होतं की पुस्तिका पन्नास घरांत जाणार, सुना वाचणार, जावई वाचणार, त्यांनी बाबांना पाहिलंसुद्धा नाही. त्यांना एवढंच कळेल की या माणसानं विधवा बहिणीला फसवलं. आणि ते पूर्ण खरं नाही. हेही त्याचं बरोबर होतं. बाबांनी कित्येक वर्षं आत्तीच्या घरी ज्वारी पोचवली. आत्तेभावाची हायस्कूलची फी भरली. त्या काळात सगळ्याच घरांत सगळ्याच भावांनी हेच केलं, बाबा काही निराळे नव्हते. आईला विचारलं तर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी बी दिलंय की लिहून माझ्या भावाला." एवढंच.

आत्तेभाऊही मागं सरला. सणाच्या दिवशी वाद नको, ती एक ओवी गाळू, त्र्याण्णव काय कमी आहेत? मला तेव्हा बाबांचा चेहरा दिसत होता आणि आत्तीची ती ओळही ऐकू येत होती. दोन्हीत निवड करायची माझी तयारी नव्हती, आणि निवड माझी नव्हतीही. मी आत्तीला जाऊन विचारलं.

ती शेंगा सोलत बसली होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यानं ज्वारी घातली त्याची बी ओवी हाय न्हवं? ती घेतलीस?"

मी म्हटलं, घेतली. दोन आहेत.

"मग ही बी घे. नुस्ती ज्वारीची घेतलीस तर खोटं, आन् नुस्ती ही घेतलीस तरी खोटं. माझा भाऊ वाईट न्हवता. पर झालं ते झालं की." थोड्या वेळानं म्हणाली, "आन् समद्यांच्या खाली माझं नाव घाल. पुरतं. आत्तीबित्ती घालू नको."

एक ओवी मात्र तिनं स्वतः काढून घेतली. नवऱ्यावरची होती. मला एकदाच म्हणून दाखवली आणि लगेच सांगितलं, ही लिहायची नाही, ही फक्त जात्याला सांगितलेली आहे. मी फोनमधूनही पुसून टाकली. म्हणून पुस्तिकेत त्र्याण्णवच छापल्या, पण गाळलेली ती नव्हे.

छापल्या म्हणजे खडेबाजारातून झेरॉक्स करून शिवून आणल्या. दादानं त्या दिवशी पंगतीत वाढायचं काम केलं आणि पुस्तिकेबद्दल एक शब्द काढला नाही. वाटताना मात्र गठ्ठा त्याच्याच हातात होता.

अशा बायकांची गाणी टिकतात कशी, याचा मी नंतर खूप विचार केला. बहिणाबाई चौधरींचंच घ्या. १८८० ते १९५१ एवढं आयुष्य, जळगावकडची शेतकरीण, अक्षरओळख नाही. शेतात आणि घरोट्यावर म्हणायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि पितांबर चौधरींनी उतरवून ठेवलं, ते आचार्य अत्र्यांच्या नजरेला पडलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बाई गेल्यावर. हे सगळं जुळून आलं म्हणून आज ते महाराष्ट्राचं धन आहे. ज्यांच्या मुलाला कविता कळत नव्हती, त्या बायकांचं काय झालं असेल? आणि ज्यांच्या मुलाला कळत होती, पण बापावरची ओवी नको होती, त्यांचं?

आजही स्वतः रचून गाणाऱ्या बाईला ते सोपं जात नाहीच. पुण्याची शाहीर शीतल साठे स्वतः लिहिते, डफावर गाते. जात, बाईपण, आई हे तिचे विषय. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ती आहे. तिच्या संघटनेवर माओवादी संबंधांचे आरोप झाले. २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनाबाहेर ती पोलिसांच्या स्वाधीन झाली, आणि गरोदर असताना जूनमध्ये तिला हायकोर्टातून जामीन मिळाला. तिचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला नाही. मी आत्तीला फोनवर तिचं गाणं ऐकवलं. आत्तीला यातलं काहीच माहीत नव्हतं. गाणं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "ही सोता जोडती व्हय?" मी हो म्हटलं. "कळतंय," म्हणाली.

आत्ती २०२१च्या पावसाळ्यात गेली. पुढच्या वर्षी दादानं वडिलोपार्जित जमिनीचं काम काढलं. उताऱ्यावर अजून बाबांचंच नाव होतं. हक्कसोडीचा कागद येईल असं मला आणि ताईला वाटत होतं, आम्ही दोघींनी आपापसात बोलूनही ठेवलं होतं. कागद आला नाही. दादानं आमची आधार कार्डं मागितली. आता उताऱ्यावर आईसकट चौघांची नावं आहेत. ओवीमुळं की २००५च्या कायद्यामुळं की वकिलानं सांगितलं म्हणून, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गोव्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत आपल्या जुन्या घरांत अशी एखादी बाई असतेच. तुमच्याकडं ओवी नसेल तर भोंडल्याची गाणी असतील, धालो असतील, भुलाबाई असेल, पाळणे असतील. 'आमच्याकडची जुनी गाणी' म्हणून सोडू नका. त्यातलं निम्मं जुनं नसतं, कुणीतरी आपल्या आयुष्यातलं त्यात घातलेलं असतं. दुपारी निवांत बसा, फोन चालू ठेवा, मध्येच दुरुस्त करू नका. हे कुणी जोडलं, कधी, कशावरून, असं विचारा. दुसरी ओळ कुणाची होती तेही विचारा. जे लिहू नको म्हणतील ते लिहू नका. पण घरातल्या दुसऱ्या कुणाला आवडलं नाही म्हणून गाळूही नका. आणि खाली तिचं पूर्ण नाव घाला, माहेरच्या गावासकट.